जुळा भाऊ, जुळ्यांतला थोरला आणि 'खलनायक' शब्दाची अडचण

प्रश्न असा आहे: निरनिराळ्या जपानी मांगांमधली (म्हणजे चित्रकथांमधली) जुळी भावंडं आणि त्यांतली खलपात्रं यांची तुलना करणारा लेख मराठीत लिहायचा आहे. 'ट्विन ब्रदर'ला 'जुळा भाऊ' पुरेसं होतं का? 'तो एक जुळा आहे' हे बरोबर का? आणि 'कॉम्प्लेक्स अँटॅगॉनिस्ट'ला 'गुंतागुंतीचा खलनायक' म्हटलं तर चालेल का? (उत्तरात बऱ्याच मालिकांचा रहस्यभेद आहे, त्याला इलाज नाही.)

मधला प्रश्न आधी निकालात काढू. 'तो एक जुळा आहे' असं मराठीत कोणी म्हणत नाही. 'जुळं' हे मुळात जोडीचं नाव. 'तिला जुळं झालं' यात मुलं दोन, पण क्रियापद एकवचनी आणि नपुंसकलिंगी. जोडीतल्या एकाविषयी बोलायचं तर 'तो जुळ्यांतला' किंवा नात्यासकट 'तिचा जुळा भाऊ'. अनेकवचनात लिंग सांभाळायचं: व्हॉलीबॉलवरच्या 'हाइक्यू'मधले अत्सुमु आणि ओसामु मिया हे जुळे, 'ज्युजुत्सु काइसेन'मधल्या माकी आणि माइ झेनिन या जुळ्या, 'मॉन्स्टर'मधली योहान आणि आना ही जुळी. गावाकडच्या बोलीत जुळ्यांना 'जावळी'ही म्हणतात. तो शब्द संस्कृत 'यमल'वरून आला, पण बाळाच्या जावळाशी गल्लत होते, म्हणून लेखात नको. 'यम' म्हणजेच जुळा, वेदातली यम-यमी ही जुळी भावंडं. 'यमक' हा शब्दही त्याच घरातला. आणि यमकाचं आपण काय करतो? जुळवतो.

आता 'जुळा भाऊ'. शब्द चूक नाही, पण अपुरा आहे, आणि तो अपुरेपणा इंग्रजी उपशीर्षकांतून (सबटायटल्समधून) आलेला आहे. जपानीत जुळ्यांना 'फुतागो' म्हणतात: 'फुता' म्हणजे दोन, 'को' म्हणजे मूल, समासात 'को'चा 'गो' झाला. पण व्यक्तीची ओळख करून देताना जपानी माणूस सहसा 'फुतागो नो आनि' म्हणजे जुळ्यांतला थोरला भाऊ, किंवा 'फुतागो नो ओतोओतो' म्हणजे धाकटा, असं म्हणतो. बहिणींसाठी 'आने' आणि 'इमोओतो'. नुसता 'भाऊ' सांगणारा रोजच्या वापरातला एकेरी शब्द तिकडे नाहीच. इंग्रजीत थोरलं-धाकटं गळून 'ब्रदर' उरतं आणि तिथून मराठीत येताना आपण 'जुळा भाऊ' लिहून मोकळे होतो. वास्तविक मराठीजवळ थोरला, धाकटा, दादा, ताई सगळं आहे. इंग्रजीच्या वाटेने न जाता थेट गेलं तर जपानीतलं नातं मराठीत जवळजवळ जसंच्या तसं बसतं.

काही मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्यांत कसलं थोरलं-धाकटं, असं वाटेल. जपानमध्ये हा प्रश्न सरकारपर्यंत गेला होता. काही भागांत नंतर जन्मलेल्याला थोरलं मानत, ते मोडून आधी जन्मलेलं तेच थोरलं असा निर्णय मेइजी सरकारने 1874 साली दिला. आपल्याकडे भागवतात हाच घोळ आहे, आणि तोही जुळ्या खलपात्रांच्याच बाबतीत. दितीने आधी प्रसवला तो हिरण्याक्ष, पण गर्भात आधी राहिलेला हिरण्यकशिपु थोरला ठरला.

थोरलेपण गळलं की कथेचं काय होतं, ते 'किमेत्सु नो याइबा'मध्ये (इंग्रजीत 'डीमन स्लेयर') जवळून दिसतं. मिचिकात्सु थोरला, योरिइची धाकटा. जुळं अशुभ मानलं जाई, शिवाय योरिइचीच्या कपाळावर जन्मखूण, म्हणून दहाव्या वर्षी त्याला देवळात धाडायचं ठरलेलं. वारस मिचिकात्सु. पुढे तलवारीत धाकट्याचा हात अलौकिक निघतो, थोरला आयुष्यभर त्याच्यामागे धावतो आणि शेवटी राक्षस होऊन कोकुशिबो हे नाव घेतो. साठ वर्षांनी ऐंशी उलटलेला योरिइची समोर येतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि म्हणतो, 'ओइतावाशिया, आनिउए.'

या दोन शब्दांचं भाषांतर 'मला तुझी कीव येते, भावा' असं केलं की दृश्य मेलं. 'आनिउए' हे सरदारघराण्यातल्या धाकट्याने थोरल्याला मारलेलं अदबीचं संबोधन, आपल्या 'दादासाहेब'च्या जवळचं. 'ओइतावाशी' ही वडीलधाऱ्यांचे हाल बघवत नाहीत तेव्हाची कळवळ, तीत वरून खाली बघणं नाही. 'काय ही दशा झाली आपली, दादासाहेब!' असं काहीतरी हवं. माणसं खाणाऱ्या राक्षसाला भाऊ अजून 'आपण' म्हणतो आहे, आणि कोकुशिबोला झोंबतं ते हेच. 'तू' लिहिलंत तर झोंबायला काही उरत नाही.

उलट मिया बंधू एकमेकांना 'त्सुमु' आणि 'सामु' म्हणतात, अत्सुमु-ओसामुची शेपटंच. तिथे दादा-बिदा घालू नका, सरळ 'ए', 'अरे', 'तू'. दोघं ह्योगोकडचे, कान्साई बोलीत बोलतात, म्हणून त्यांना कोल्हापुरी बोलायला लावायचा मोह होतो. एखाद्या वाक्यापुरता ठीक, सबंध सामनाभर वाचवणार नाही.

याच जोडीवरून 'अँटॅगॉनिस्ट'कडे वळता येतं, कारण इनारिझाकी शाळेचे हे दोघे नायकाच्या संघाविरुद्ध खेळतात, पण खल मुळीच नाहीत. इंग्रजी शब्दात फक्त 'विरुद्ध उभा राहणारा' एवढंच आहे. मराठी 'खलनायक'मध्ये दुष्टपणा आधीच शिजवून ठेवलेला. तेव्हा मियांना 'प्रतिस्पर्धी'च म्हणायचं. जपानीतही असे वेगवेगळे खण आहेत: 'तेकि' म्हणजे शत्रू, 'राइबारु' म्हणजे प्रतिस्पर्धी, 'आकुयाकु' म्हणजे वाईटाची भूमिका. यातला 'याकु' म्हणजे रंगभूमीवरचं काम. काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारात तर खलभूमिकांचे प्रकारच पडलेले आहेत: देखणा आणि निर्दय तो 'इरोआकु', राज्य बळकावू पाहणारा थंड डोक्याचा कारस्थानी तो 'जित्सुआकु'. 'मॉन्स्टर'मधल्या योहान लीबर्टला एका शब्दात बसवायचंच तर तो इरोआकुच्या जवळ जाईल, जरी कथा जर्मनीत घडत असली तरी.

'प्रतिनायक' वापरा, तो तटस्थ आहे, असा सल्ला हमखास मिळतो. आजच्या समीक्षेत तो तसा चालतो हे खरं. पण मुळात तो तटस्थ नाही. धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात प्रतिनायक हा नायकाचा लोभी, उद्धट, ताठर, पापी आणि व्यसनी शत्रू आहे आणि त्यावरच्या धनिकाच्या भाष्यात उदाहरणं रावण-दुर्योधनाची आहेत. तरीही 'ट्रायगन'मधल्या नाइव्ह्जला तो शब्द शोभतो. जुळा भाऊ वॅश माणसांना वाचवतो, नाइव्ह्ज आपल्या जातीला माणसांपासून वाचवू पाहतो. दोघेही कोणाचे तरी कैवारीच.

माझी पसंती 'खलपात्र'. नपुंसकलिंगी असल्याने बाई-पुरुष दोघांना चालतं, 'खलनायिका' म्हटल्यावर मालिकेतली भुवया उंचावणारी सासू आठवते तसं होत नाही, आणि एखाद्या पर्वापुरतं खल असलेल्यांनाही लावता येतं. 'सेंट सेइया'मधला कानोन पोसायडनच्या पर्वात खलपात्र आहे, हेडीसच्या पर्वात नाही. त्याचा जुळा भाऊ सागा मात्र एकाच देहात संत आणि पाखंडी. शेवटी तो अथेनासमोर स्वतःचा जीव घेतो. 'खलनायक' हा शब्द मध्ये जोडरेघ मारून वापरावा असा दुसरा मला तरी आठवत नाही. हे दोघे मिथुन राशीचे योद्धे, त्यावरूनही एक खाच आहे. जपानीत मिथुन राशीला 'फुतागोझा' म्हणतात, म्हणजे सरळसरळ जुळ्यांचं नक्षत्र. आपल्याकडचं 'मिथुन' मात्र स्त्री-पुरुषांची जोडी, गदा आणि वीणा घेतलेली. नुसतं 'मिथुन राशीचा सागा' लिहिलंत तर जुळेपणाची खूण वाचकापर्यंत पोचणार नाही. एकदा 'जुळ्यांची रास' असं जोडून द्या.

'गुंतागुंतीचा' हे विशेषण मराठीत प्रकरणाला, शस्त्रक्रियेला, फार तर नात्याला लागतं. माणसाला लावलं की भाषांतराचा वास येतो. 'अनेकपदरी' बरं. त्याहून बरं म्हणजे नेमका पदर कोणता ते सांगणं, कारण त्यासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. कोकुशिबोचंच घ्या. त्याला 'हेवा' सौम्य पडतो. 'असूया' भारदस्त वाटते, पण अमरकोशाप्रमाणे असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांतही दोष काढणं, आणि कोकुशिबो योरिइचीच्या गुणांना कधी नाव ठेवत नाही. ते गुण त्याला लख्ख दिसतात, तेच त्याचं दुःख. म्हणून 'मत्सर'. 'भाऊबंदकी' इथे लावू नका, योरिइची तर घर सोडूनच गेला होता. तो शब्द झेनिन घराण्यासाठी राखून ठेवा, तिथे वारसा आहे, काका-पुतणे आहेत, सगळं आहे.

झेनिन बहिणींसाठी मराठीत एक तयार वाक्प्रचार पडून आहे: जुळ्याचं दुखणं. एकाला झालं की दुसऱ्यालाही होतं, एकट्याचं बरं करता येत नाही, अशा अडकलेल्या प्रश्नांना आपण तो वापरतो. 'ज्युजुत्सु काइसेन'मध्ये तो अक्षरशः खरा आहे. तिथल्या मंत्रशक्तीच्या हिशेबात या दोन बहिणी एकच व्यक्ती, त्यामुळे माइमध्ये थोडी शक्ती आहे तोवर माकीचं अंगबळ पुरं होत नाही. माइ मरते तेव्हाच ते पुरं होतं. परीक्षणात या बंधनाला परिच्छेदभर समजावण्यापेक्षा हे दोन शब्द पुरतात.

एक धोका राहिला, तो क्रियापदांचा. जपानी क्रियापदाला लिंगही नाही आणि वचनही नाही, त्यामुळे तिथे लेखकाला लपवाछपवी सोपी जाते. आपलं 'म्हणाला-म्हणाली' लगेच चुगली करतं. 'मॉन्स्टर'मध्ये प्राग शहरात योहान बाईच्या वेषात, बहिणीचं रूप घेऊन सुक नावाच्या तरुण पोलिसाशी ओळख वाढवतो. सारांश लिहिताना तिथे 'तो म्हणाला' लिहिलंत तर रहस्य फुटलं, 'आना म्हणाली' लिहिलंत तर तुम्ही खोटं बोललात. त्या प्रसंगापुरतं सुकच्या डोळ्यांनी लिहा, नाव न घेता: 'समोरची तरुणी म्हणाली.' सुकला ती तरुणीच दिसते आहे, तेव्हा वाक्य खरंही राहतं.