वाचक विचारतात: साताऱ्याची 1751 ची रणभूमी

प्रश्न : 1751 साली साताऱ्याजवळ मराठ्यांच्याच दोन फौजा भिडल्या होत्या. ती जागा एका दिवसात पाहता येईल का? — एक वाचक, विटा

उत्तर : येईल, पण राखून ठेवलेलं मैदान शोधत फिरू नका. वेण्णा नदीच्या काठी आता वस्ती, रस्ते आणि ऊस आहे. शिवाय लढाई एक नाही, तीन आहेत. गोंधळ होतो तो इथेच. नोव्हेंबर 1750 मध्ये ताराबाईंनी छत्रपती रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात, म्हणजे अजिंक्यताऱ्यावर, अटकेत टाकलं. ताराबाईंच्या मदतीला दमाजी गायकवाड गुजरातेतून सुमारे 15 हजार फौज घेऊन आले. पेशव्यांची फौज आधी निंबला हरली. हे निंब म्हणजे आजचं लिंब. मग मार्चमध्ये वेण्णाकाठी पेशव्यांच्या त्रिंबकराव पेठ्यांनी दमाजींना मागे रेटलं. शेवटी निजामावरच्या स्वारीतून नानासाहेब पेशवे परतले आणि 30 एप्रिलच्या संध्याकाळी दमाजींवर अचानक तुटून पडले. दमाजी शरण आले, किल्ला मात्र ताराबाईंकडेच राहिला.

म्हणून सुरुवात अजिंक्यताऱ्यावरून करा. अदालत वाड्याकडून निघालेला गाडीरस्ता थेट दरवाजापर्यंत जातो. उत्तरेच्या तटावर उभं राहिलं की पायथ्याशी शहर, पलीकडे वेण्णेचं खोरं, डावीकडे यवतेश्वर, उजवीकडे जरंडेश्वर. नदी आणि किल्ला यांत अंतर किती कमी आहे, हे एकदा पाहिलं की वेण्णाकाठ धरण्यासाठी एवढी धडपड का, ते नकाशाशिवाय कळतं. सकाळी लवकर जा. एप्रिल-मेमध्ये दहानंतर धुरळ्याने लांबचे डोंगर पुसट होतात. पावसाळ्यात तर ढगात उभे राहाल, दिसणार काहीच नाही.

नंतर पुणे रस्त्याने लिंब फाट्यावरून आत वळा. वेण्णेचा पूल वाटेतच लागतो, पण हमरस्त्यावर गाडी थांबवू नका.

प्रश्न : लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचा या लढाईशी संबंध आहे का? — तेच वाचक

उत्तर : बांधकामाशी नाही. विहीर 1719 ते 1724 मधली, शाहू महाराजांच्या वाड्यातल्या वीरूबाईंनी बांधवलेली. म्हणजे लढाईच्या वेळी ती होतीच. दरवाजाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, चप्पल पकड असलेली हवी. भोवती शेतं आहेत. गाडी अलीकडे लावून चालत जा, उसाच्या ट्रॅक्टरची वाट अडवू नका.