मासळी लिलावाच्या हिशेबासाठी मोंगोडीबी घ्यावे की पोस्टग्रेस?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरील लिलावाचा हिशेब ठेवणारे ॲप आपल्याला करावयाचे आहे आणि प्रत्येक नौका दर फेरीला वेगळी मासळी आणत असल्याने पोस्टग्रेस या डेटाबेसमधले ठरावीक रकान्यांचे टेबल जमणार नाही, म्हणून मोकळ्या आकाराच्या नोंदी (डॉक्युमेंट) ठेवणारा मोंगोडीबी हा डेटाबेस घ्यावा, असे आपले म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण बांगडा, सुरमई, कोळंबी हे रकाने नव्हेतच. त्या ओळी आहेत. फेऱ्यांचे एक टेबल, आणि फेरीचा क्रमांक, मासळीची जात, वजन, दर व घेणारा व्यापारी एवढेच रकाने असलेले विक्रीचे दुसरे टेबल केले की, एखाद्या फेरीत दोन जाती आल्या काय किंवा वीस आल्या काय, रचना बदलावी लागत नाही.

संपूर्ण फेरी एकाच डॉक्युमेंटमध्ये ठेवण्याची सोय खरी आहे, आणि काम फेरी उघडून पाहण्यापुरतेच असते तर मीही तेच सुचवले असते. परंतु लिलाव आटोपल्यावर विचारले जाते ते वेगळेच: अमुक व्यापाऱ्याकडे सगळ्या नौकांची मिळून उधारी किती, १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागण्यापूर्वी कोणाकडून वसुली व्हायची आहे, डिझेल-बर्फाचा खर्च वजा जाता तांडेलाचा आणि खलाशांचा वाटा किती. व्यापाऱ्याचे नाव शेकडो डॉक्युमेंटांत विखुरलेले असले तरी ही उत्तरे काढता येतात. मात्र एके ठिकाणी नाव वेगळे लिहिले गेले की तेवढी उधारी बेरजेतून निसटते. पोस्टग्रेससारख्या रिलेशनल, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांच्या, डेटाबेसमधील फॉरेन की (एका टेबलातील नोंद दुसऱ्या टेबलाशी बांधणारा नियम) व्यापाऱ्यांच्या टेबलात नोंद नसलेल्या व्यापाऱ्याच्या नावे विक्री लिहूच देत नाही, आणि उधारीच्या धंद्यात ही आडकाठी हवीच.

मोंगोडीबीत ट्रान्झॅक्शन, म्हणजे अनेक बदल एकतर सगळे होतील किंवा एकही होणार नाही अशी हमी, नाही, हा आक्षेप मात्र जुना झाला. अनेक डॉक्युमेंटांवरचे ट्रान्झॅक्शन २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून आहे, फक्त त्यासाठी रेप्लिका सेट, म्हणजे त्याच माहितीच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांचा गट, चालवावा लागतो. मोंगोडीबी घेतलेच, तर एका नौकेच्या साऱ्या फेऱ्या एकाच डॉक्युमेंटमध्ये कोंबू नयेत. तेथे एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे.

ज्याचा आकार खरोखरच ठरलेला नाही, उदाहरणार्थ निरनिराळ्या बनावटीच्या जीपीएस यंत्रांतून येणारी माहिती, ती पोस्टग्रेसमध्येच जेसनबी (कोणत्याही रचनेची माहिती जशीच्या तशी सामावणाऱ्या) प्रकारच्या रकान्यात ठेवता येते. ही सोय २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून आहे. वजन, दर आणि रक्कम मात्र त्या रकान्यात टाकू नयेत, कारण तेथे संख्येच्या जागी ‘नंतर सांगतो’ असे कोणी लिहिले तरी डेटाबेस ते निमूटपणे स्वीकारतो.