ज्यू परंपरेत पश्चात्ताप आणि उद्धाराच्या कथा कोणत्या? पश्चात्ताप खरा आहे हे त्यात कशावरून ठरतं?

सुरुवात यहुदापासून करा. बायबलमध्ये 'उत्पत्ती'च्या 37व्या अध्यायात योसेफला मारण्याऐवजी विकून टाकू, असं सुचवणारा भाऊ हाच. चांदीच्या 20 नाण्यांत सौदा होतो. 44व्या अध्यायात योसेफ इजिप्तचा कारभारी झालेला आहे आणि भावांनी त्याला ओळखलेलं नाही. तो धाकट्या बन्यामीनच्या गोणीत आपला चांदीचा पेला ठेववतो आणि म्हणतो, ज्याच्याकडे पेला सापडला तो इथे गुलाम राहील, बाकीचे खुशाल घरी जा. म्हणजे प्रसंग जवळपास तोच: राहेलचा मुलगा (योसेफ आणि बन्यामीन दोघांची आई तीच), बापाचा लाडका, आणि त्याला टाकून निघून जायची आयती सोय. या वेळी यहुदा पुढे होतो: त्याच्याऐवजी मला ठेवून घ्या.

12व्या शतकात ज्यू धर्मशास्त्री रंबामने (मायमोनिडीसने) याच धर्तीवर नियम सांगितला. पूर्ण तशुवा, म्हणजे पश्चात्ताप करून परत वळणं, कोणाची? तेच पाप करायची संधी पुन्हा आली, अंगात ताकदही आहे, तरी जो भीतीपोटी नव्हे तर पश्चात्तापामुळे थांबतो त्याची. म्हातारपणी जमेनासं झालं म्हणून सुटलेलं पापही चालतं, पण त्याचा दर्जा कमी. त्याच्या यादीत पाप सोडणं आधी येतं, मग ते मनातून काढणं, पुन्हा न करण्याचा निश्चय, त्यानंतर झाल्याची खंत, आणि शेवटी तोंडाने स्पष्ट कबुली. रडणं सुरुवातीला नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. नुसती कबुली देऊन पाप चालू ठेवणारा म्हणजे हातात अशुद्ध प्राणी धरून शुद्धिस्नान करणारा.

माणसाचा अपराध माणसाकडेच फेडायचा असतो. योम किप्पूर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे आपल्याकडच्या बेने इस्रायली ज्यूंचा दारफाळणीचा सण, देवाशी केलेले अपराध धुतो. शेजाऱ्याशी केलेले धुत नाही. आधी घेतलेलं परत करा, मग त्याची मनधरणी करा. तो ऐकत नसेल तर तीन मित्रांना सोबत घेऊन जा, असं तीनदा. तरीही नकारच मिळाला तर दोष त्याच्याकडे जातो. मात्र तो आपला गुरू असेल तर हजारदा जावं लागलं तरी जायचं. माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन कबरीपाशी कबुली द्यायची आणि पैसे वारसांना द्यायचे.

अडचण येते ती परतफेडीत. चोरलेली तुळई घरात बसवून टाकली तर काय? योम किप्पूरच्या दुपारी बायबलमधलं योनाचं पुस्तक वाचतात; त्यात निनवे शहरातले लोक पश्चात्ताप करतात. या निनवेकरांविषयी तालमूद (रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चांचा ग्रंथ) सांगतो की त्यांनी अशा तुळईसाठी अख्खा महाल पाडला. जुना धर्मपंडित शम्माय याच्या शिष्यांचंही मत पाडा असंच होतं. पण मिश्नाने (तालमूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहाने) फक्त किंमत देण्याची मुभा दिली, कारण घर पाडावं लागणार असेल तर चोर पुढे येणारच नाही. निनवेची कथा ऐकायला भव्य असली तरी माणसं परत येतात ती या मुभेमुळे.

सगळ्यात बोचणारी कथा रेश लाकीशची. तो दरोडेखोर. यार्देन (जॉर्डन) नदीत त्याची रब्बी योहाननशी गाठ पडते. योहानन त्याला अभ्यासाकडे वळवतो आणि आपली बहीण देतो. तो मोठा पंडित होतो. पुढे एकदा तलवार-सुरी घडून 'पूर्ण' कधी होते यावर वाद रंगतो आणि योहानन बोलून जातो, दरोडेखोराला आपला धंदा ठाऊक असायचाच! वळलेल्या माणसाला जुनी कृत्यं आठवून देऊ नये, असं मिश्ना स्पष्ट बजावते. रेश लाकीश आजारी पडतो. बहीण विनवणी करते, योहानन ऐकत नाही आणि रेश लाकीश मरतो. अभ्यासातल्या नव्या जोडीदाराची होला हो ऐकून योहानन कळवळतो: लाकीशचा मुलगा (म्हणजे रेश लाकीशच) माझ्या प्रत्येक विधानावर 24 हरकती घ्यायचा, मी 24 उत्तरं द्यायचो, आणि विषय आपोआप उलगडायचा. शेवटी त्याला वेड लागतं. पश्चात्ताप करणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते त्याला स्वीकारणाऱ्याचं.

एलाझार बेन दुर्दयाची कथा लोक आधी सांगतात, मी मुद्दाम मागे ठेवली. जन्मभर वेश्यांमागे फिरलेला हा माणूस डोंगर, आकाश, सूर्य, तारे सगळ्यांना आपल्यासाठी रदबदली करायला सांगतो. कोणी तयार होत नाही. मग 'हे माझ्यावरच आहे' म्हणत गुडघ्यांत डोकं घालून रडता रडता प्राण सोडतो आणि आकाशवाणी त्याला 'रब्बी' म्हणते. रंबामची कसोटी इथे लावायला वेळच उरत नाही. पण या कथेच्या भरवशावर कोणी राहू नये. 'पाप करीन, मग पश्चात्ताप करीन' असा हिशेब करणाऱ्याला तशुवेची संधीच मिळत नाही, असं मिश्ना सांगते.