हात क्रिकेटचा, स्वप्न कोरियन पिचरचं

प्रश्न : मी रांजणगावात एका कोरियन कंपनीत आहे. मुलगा दहावीत, वेगवान गोलंदाज. माझ्या कोरियन सहकाऱ्यांबरोबर बेसबॉलचे सामने पाहून त्याने तिकडच्या बेसबॉल लीगमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, व्हायचं मनावर घेतलंय. काही मार्ग आहे का? – एक पालक, शिरूर

उत्तर : मार्ग आहे, पण कोरियन मुलं जातात तो नव्हे. तिथे दर सप्टेंबरमध्ये ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, होतो. 10 संघ 11 फेऱ्यांत 110 खेळाडू घेतात, त्यातले बरेच नुकतेच हायस्कूलमधले. निवड झाली म्हणजे भागलं, असंही नाही. किमान वार्षिक पगार 3 कोटी वॉन, म्हणजे ढोबळमानाने 18-20 लाख रुपये. अनेकांची सुरुवातीची वर्षं दुसऱ्या फळीच्या फ्यूचर्स लीगमध्येच जातात, त्यात दीड वर्षाची लष्करी सेवा.

तुमच्या मुलाला दार आहे ते आशियाई कोट्याचं. 2026 च्या हंगामापासून प्रत्येक संघाला आशियातला किंवा ऑस्ट्रेलियाचा एक खेळाडू घेता येतो, कमाल 2 लाख डॉलरला. पण ते तयार खेळाडू घेतात, शिकाऊ नाही. म्हणजे आधी दुसऱ्या कुठल्या लीगमध्ये नाव व्हायला हवं. हे काम सात-आठ वर्षांचं धरा. बारावी आणि पदवी सोडू नका.

आता हाताचं बघू. त्याच्या गोलंदाजीच्या वेगावर जाऊ नका. गोलंदाजाला रनअप असतो आणि कोपर सरळ ठेवावं लागतं. पिचरचा मागचा पाय माऊंडवरच्या (तो उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावरच्या) रबरी पट्टीला टेकलेला असतो. ताकद मांडी-कंबरेतून येते आणि वाकलेलं कोपर चाबकासारखं उलगडतं. म्हणून तो सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे थ्रो कसा करतो, ते पाहा. पिचिंगला सगळ्यात जवळचं तेच आहे. 2008 साली पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने करारबद्ध केलेले भारतीय पिचर रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू नव्हे) आणि दिनेश पटेल भालाफेकीतून आले होते, क्रिकेटमधून नव्हे.

बेसबॉलचा चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका, पिचरच्या पट्टीपासून फलंदाजाच्या बाजूच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर 18.44 मीटर. पहिले तीन महिने माऊंड नको. 15 मीटरपासून सुरुवात करून हळूहळू 40 मीटरपर्यंत थ्रो, आठवड्यात तीनदाच. बोटं शिवणीवर आडवी. वेगाच्या आधी दहातले सात चेंडू समोर झेलणाऱ्याच्या ग्लोव्हमध्ये जायला हवेत.

सगळ्यात जास्त मुलं इथे बिघडतात : सकाळी क्रिकेट, संध्याकाळी पिचिंग. खांदा एकच आहे हो! कोरियात हायस्कूलच्या पिचरला दिवसाला 105 चेंडूंची मर्यादा आहे, आणि 91 च्या वर टाकले तर 4 दिवस सक्तीची विश्रांती. तुमच्या मुलाने पहिल्या वर्षी 40 च्या पुढे जाऊ नये.

कोरियन पिचर र्यू ह्युन-जिनच्या कोपराचं लिगामेंट (हाडांना जोडणारा बंध) शाळेतच शस्त्रक्रियेने नव्याने बसवलं गेलं आणि 2006 मध्ये पहिल्याच हंगामात त्याने कोरियातल्या हनव्हा ईगल्स संघासाठी 18 सामने जिंकले. हे ऐकून मुलांना वाटतं, लिगामेंट तुटलं तर नवं बसवून घेऊ. पण परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि सगळे परतत नाहीत. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं, तर त्याच दिवशी थांबवा आणि खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या ऑर्थोपेडिककडे न्या. ‘थोडंच दुखतंय बाबा’ असं तो म्हणेल. त्याचं ऐकू नका.