सहस्रचंद्रदर्शनाला हजार कागदी चंद्र: एक वर्ष, एक माळ

तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात घोळत होता. सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन, नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार, घरच्या घरी साठेक माणसं, हातात तीन आठवडे, मदतीला नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं, आणि तुमच्या यादीत आमंत्रणपत्रिका, मागचा पडदा, मोठी कागदी फुलं, फोटोंचा अल्बम, येणाऱ्यांना द्यायच्या पिशव्या, सगळंच हातानं करायचं. मी आमच्या घरातली बारशी, मुंजी, केळवणं, रुखवतं यांचं कागदकाम पंचवीसेक वर्षं करतेय, तेव्हा आधी मनापासून सांगते, ही यादी खोडा. एकच मोठी गोष्ट धरा आणि ती पूर्ण करा.

हे मी शिकले ते बाबांच्या पंचाहत्तरीला. तेव्हा मी असंच सगळं हातात घेतलं होतं, क्रेपची ताटाएवढी फुलं केली, ती दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने भिंतीवर लावली, आणि तो जुलै महिना, भिंत डिस्टेंपरची आणि ओल धरलेली, ऐन औक्षणाच्या वेळी एकेक फूल सुटून बाबांच्या पाठीवर पडायला लागलं. फोटोत आई एका हाताने फुलं गोळा करतेय असं दिसतं. मला अजून तो फोटो बघवत नाही, कारण तिला त्या दिवशी नुसतं शेजारी बसायला मिळायला हवं होतं.

तर मी काय सुचवते ते सांगते. हजार चंद्र करा, खरंच मोजून हजार. आणि ते नुसते डेकोरेशन म्हणून लटकवायचे नाहीत, एका वर्षाची एक माळ करायची. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, म्हणजे हजार पौर्णिमांना साधारण २९,५३० दिवस, ८० वर्षं आणि वर दहाएक महिने (गुरुजी बहुतेक ८० वर्षं ८ महिने धरतात, त्यावरून वाद घालू नका). वर्षाला १२ पौर्णिमा, आणि अधिक महिना आला की १३. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात, त्या हिशेबाने ८० वर्षांत २९-३० माळा तेरा चंद्रांच्या होतात, बाकीच्या बाराच्या. ८० माळांत ९८९ किंवा ९९० चंद्र बसतात आणि उरलेले दहा-अकरा ८१व्या माळेत. म्हणजे ८१वी माळ अर्धवटच राहते, ती तशीच राहू द्या, त्याबद्दल शेवटी सांगते.

कुठल्या वर्षी अधिक महिना होता हे तेरा वर्षांच्या मुलाकडे द्या. २०१५ ला अधिक आषाढ होता, २०१८ ला ज्येष्ठ, २०२० ला आश्विन, २०२३ ला श्रावण, तिथून मागे मागे जायचं. घरात जुनी पंचांगं असतील तर फारच छान, नाहीतर मोबाईलवर सापडतं. आमच्याकडे भाच्याने ही यादी केली तेव्हा त्याला अधिक महिना का येतो हे पहिल्यांदा नीट कळलं, शाळेत पाठ केलेलं होतं पण कळलेलं नव्हतं.

आता कागद. साधा झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम), तो पावसाळ्यात दोन दिवसांत मान टाकतो. तीनशेचा कार्डपेपर शिलाई मशीनखाली जड जातो. २०० जीएसएम घ्या, पांढराशुभ्र नको, किंचित सायीच्या रंगाचा, दिव्याच्या उजेडात तोच चंद्रासारखा दिसतो. हौस असेल तर पुण्यात शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाजवळ हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथला सुती चिंध्यांचा हातकागद हातात घेऊन बघा. हातकागदावर बारीक खड्डे-उंचवटे असतात, त्यावर उजेड पडला की चंद्रावरचे डाग दिसावेत तसं दिसतं. महाग पडतो म्हणून सगळे हजार त्याचे नका करू, महत्त्वाच्या वर्षांचे चंद्र तेवढे त्याचे करा. आपल्या कसब्यात कागदीपुरा आहे, जुन्नरचा कागद मराठेशाहीत नावाजलेला होता, पुण्याच्या घरात हातकागद यावा असं मला उगाचच वाटत नाही.

हिशेब असा, ए फोर कागद २१ बाय २९.७ सेंटीमीटर. त्याच्या सव्वापाच सेंटीमीटर रुंदीच्या चार लांब पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टीत पाच सेंटीमीटरचे पाच गोल. एका कागदात वीस, म्हणजे पन्नास कागदांत हजार. वर दहा कागद जास्त आणा, मुलं आहेत. गोल पाडायचा पंच बोहरी आळीत किंवा अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, पाच सेंटीमीटरचाच बघून घ्या आणि दुकानातच तुमच्या कागदावर चालवून बघा. पट्ट्या आधी कापायचं कारण एवढंच की पंचाचं तोंड कागदात फार आत जात नाही, अख्खा कागद घेतलात तर मधला भाग वाया जातो. पंच बोथट झाला, कडेला मिश्या यायला लागल्या की पॉलिश पेपरचा तुकडा घालून पाच-सहा वेळा दाबा, धार परत येते. आणि नऊ वर्षांच्या मुलीला पंच टेबलावर ठेवून तळहाताने दाबायला सांगा, अंगठ्याने दाबला तर शंभर गोलांत अंगठा सुजतो.

माळ ओवायला घरात शिलाई मशीन असेल तर काम चौपट लवकर होतं. कागदावर सुई बोथट होते म्हणून जुनी सोळा नंबरची सुई लावा, नंतर ती कपड्याला वापरायची नाही. टाका सगळ्यात मोठा ठेवायचा, चारवर. हे फार महत्त्वाचं, कारण बारीक टाका घातला की कागदाला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि चंद्र मधोमध फाटतो. गोल मशीनच्या पायाखाली सरकवायचा, बरोबर मध्यातून शिवायचं, तो संपला की सुई वर घेऊन पाय उचलायचा, वरचा आणि बॉबिनचा दोन्ही दोरे मिळून तीन बोटं ओढून घ्यायचे, मग पुढचा गोल. मोटर लावू नका, हाताने चाक फिरवा. पहिल्या दोन माळा वाकड्या होतील, तिसरीपासून हाताला लय येते, माझ्या हाताला तर त्या चाकाचा आवाज अजून आठवतो, खट खट खट आणि मग ओढलेल्या दोऱ्याची सुर्रर्र. मशीन नसेल तर सुई-दोरा, प्रत्येक गोलाला वर एक आणि खाली एक भोक टाचणीने पाडायचं, दोरा पुढून मागे, मागून पुढे, आणि मागच्या बाजूला फेविकॉलचा मोहरीएवढा ठिपका.

तेरा चंद्रांची माळ साधारण सव्वा मीटर भरते. ८१ माळा एका ओळीत लावायच्या तर सोळा फूट भिंत लागेल, फ्लॅटमध्ये कुठून आणणार, म्हणून आठ-आठ फुटांच्या दोन बांबूच्या काठ्या घ्या (बुरूड आळीत मिळतील, सरळ बघून घ्या), एकीला ४०, दुसरीला ४१, सहा-सहा सेंटीमीटरवर, आणि दुसरी काठी पहिलीच्या अर्धा फूट मागे टांगायची. पुढच्या माळांच्या फटीतून मागचे चंद्र दिसतात, भिंतीवर सावल्या पडतात. वजनाची काळजी नको, सगळे हजार चंद्र मिळून चारशे ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. टेपच्या भरवशावर मात्र काही टांगायचं नाही, पडद्याच्या रॉडला किंवा खिळ्याला दोरीने बांधा. गुंता होऊ नये म्हणून झालेली प्रत्येक माळ वर्तमानपत्राच्या सुरळीवर गुंडाळा, टोकाला वर्षाची चिठ्ठी लावा आणि सगळ्या सुरळ्या कपाटात ठेवा, पावसाळी हवेत बाहेर ठेवलेला कागद वाकतो.

एक सूचना कडक आहे. ८१ दिव्यांनी औक्षण होणार असेल तर ताट आणि माळा यात किमान पाच-सहा फूट अंतर ठेवा आणि सासूबाईंचा चौरंग माळांच्या अगदी पुढ्यात मांडू नका. दिव्यांमुळे पंखा बंद असतो तेव्हा माळा स्थिर असतात, पण औक्षण झालं की कोणीतरी सवयीने पंखा लावतं आणि सव्वा मीटरची माळ बघता बघता पुढे येते. आधी दिवे आत न्यायचे, मग पंखा.

आता यातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग. चंद्रांवर लिहायचं. सगळ्यांवर नाही, ज्या वर्षी जे घडलं त्या माळेत. आणि ते तुम्ही नाही ठरवायचं, सासूबाईंना सांगू द्या. सरप्राईज ठेवायचा मोह आवरा. माझ्या मावशीच्या वेळी आम्ही तिला रोज दुपारी चहानंतर तासभर टेबलाशी बसवायचो, ती गोलांच्या चळती लावायची, दहा-दहाच्या, आणि बोलायची. लग्नाचं वर्ष, मुलांची वर्षं हे आम्हाला माहीतच होतं. पण १९६१ ची माळ हातात घेतली आणि ती थांबली, म्हणाली यातला एक पानशेतचा. १२ जुलैला धरण फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत होती. पूर ओसरल्यावर पुढचे कितीतरी दिवस चिखल उपसत होते, आणि त्यानंतरच्या पौर्णिमेला सगळा वाडा अंगणात एकत्र जेवला, कारण कोणाच्याच चुलीची जागा धड उरली नव्हती. तिने तो चंद्र माझ्याकडून घेतला आणि पेन्सिलने स्वतः लिहिलं, ‘पिठलं-भात, सगळे’. एवढंच. चाळीस वर्षं तिच्या घरी जातेय, हे मी कधी ऐकलं नव्हतं. १९६९ च्या माळेत भाच्याने हट्टाने एका चंद्रावर बारीक पाऊल काढलं, जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला म्हणून, आणि मावशीला रेडिओवरची ती बातमी लख्ख आठवत होती. लिहायला पेन्सिल किंवा जेल पेन वापरा, हातकागदावर शाईचं पेन फुटतं.

बाकीच्या यादीचं थोडक्यात. आमंत्रण फोनवरून करा, फक्त वडीलधाऱ्या दहा-बारा जणांना कागदाची पत्रिका द्या. ती करताना कागदाचा धागा, म्हणजे त्यातले तंतू कुठल्या दिशेने आहेत ते बघा. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवायचा, ज्या बाजूने सहज वाकतो त्या बाजूने घडी घालायची, उलटी घातली की जाड कागद घडीवर तडकतो. एकदा बाहेरून करून घेतलेल्या पत्रिका मला अशाच सगळ्या तडकलेल्या मिळाल्या होत्या. ए फोरमध्ये धागा बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतो, म्हणून तो मधोमध दुमडला की हमखास असं होतं. घडीच्या रेषेवर आधी संपलेल्या रिफिलने पट्टी धरून दाब द्या. पिशव्या विकत आणा. थर्माकोलचं काही आणू नका, २०१८ पासून राज्यात बंदी आहे आणि कागद असताना त्याची गरजही नाही.

अल्बम करणारच असाल तर मूळ फोटो चिकटवू नका, स्कॅन करून प्रिंट वापरा. आणि सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत पिवळी पडते, चिकट डाग तेवढा मागे ठेवते. कागदाचेच त्रिकोणी कोपरे करून त्यात फोटो अडकवा. पानं चिकटवायला मी अजून खळ करते, एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर काचेसारखी दिसेपर्यंत ढवळायची. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, ते विषारी आहे, मुलं हात घालणार तिथे नको, थोडीच करा आणि फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा. चिकटवलेली पानं रात्रभर पाटाखाली दाबून ठेवायची, पाटावर पाण्याने भरलेली कळशी. या हवेत एक रात्र पुरली नाही तर दोन.

दिवसांचं म्हणाल तर पहिला आठवडा कागद, पंच आणि अधिक महिन्यांची यादी, दुसरा माळा आणि सासूबाईंच्या गोष्टी, तिसऱ्यात फक्त टांगून बघणं, तेही शुक्रवारीच. शनिवारी कागदाला हात लावू नका, त्या दिवशी स्वयंपाकघर बोलावतं.

आणि ती ८१वी माळ. ती शिवताना शेवटच्या चंद्राखाली वीतभर दोरा जास्त सोडा, त्यात सुई अडकवून ठेवा आणि पंच केलेले उरलेले गोल एका डबीत भरून सासूबाईंकडे द्या. कार्यक्रमानंतर बाकीच्या माळा नातेवाईक मागून नेतील, आपापल्या जन्माच्या वर्षाची, द्या त्यांना, पण ही सासूबाईंच्या खोलीत राहू दे. मावशीने तिची माळ देवघराच्या खिडकीत लावली. कार्यक्रमानंतर तीन आठवड्यांनी पौर्णिमेच्या रात्री तिचा फोन आला, सुईत दोरा ओवला जात नाही, चष्मा लावूनही दिसत नाहीये, उद्या येशील का. मी त्याच रात्री गेले.