'सुखा संघस्स सामग्गी' : ही 'सामग्गी' कुठली?

प्रश्न असा आला आहे : एका ध्यानगटाला आपल्या पत्रकावर 'सुखा संघस्स सामग्गी' ही ओळ छापायची आहे. गटातल्या एकाचं म्हणणं, 'सामग्गी' ही छपाईची चूक, तिथे 'सामग्री' हवं. दुसऱ्याची शंका वेगळीच : आपण सगळे प्रपंचातले लोक, आठवड्यातून एकदा एकत्र ध्यानाला बसणारे, आपण स्वतःला 'संघ' म्हणवून घ्यावं का?

पहिल्याला आधी आवरा. 'सामग्गी' शंभर टक्के बरोबर आहे. ही धम्मपदातली, म्हणजे बुद्धवचनांच्या पाली गाथासंग्रहातली, 194वी गाथा, त्यातल्या बुद्धवग्ग या प्रकरणातली :

सुखो बुद्धानमुप्पादो, सुखा सद्धम्मदेसना।
सुखा संघस्स सामग्गी, समग्गानं तपो सुखो॥

'सुख' इथे नाम नाही, विशेषण आहे. म्हणून ते शेजारच्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. उप्पादो पुल्लिंगी म्हणून 'सुखो', देसना आणि सामग्गी स्त्रीलिंगी म्हणून 'सुखा'. अर्थ : बुद्धांचं प्रकटणं सुखाचं, सद्धम्माची देशना (उपदेश) सुखाची, संघाची सामग्गी सुखाची, आणि 'समग्ग' असलेल्यांचं तप सुखाचं.

आता गंमत अशी की सुधारणा सुचवणारे अगदीच चुकलेले नाहीत. सामग्गी आणि सामग्री हा मुळात एकच शब्द. चतुर-चातुर्य-चातुरी, तसं समग्र-सामग्र्य-सामग्री. 'समग्र'पणाचं भाववाचक नाम. पालीत जोडाक्षरातला र गळतो आणि ग दुणावतो (व्याघ्राचा वाघ होतानाही वाटेत हेच घडलं आहे), म्हणून समग्ग आणि सामग्गी. फरक पडला तो अर्थाच्या वाटचालीत. संस्कृतात 'सामग्री' म्हणजे सगळं मिळून असणं, काही उणं नसणं. न्यायशास्त्रात एखादं कार्य घडायला लागणारी झाडून सगळी कारणं जमली की त्या समुच्चयाला सामग्री म्हणतात. तिथून 'लागणारं सगळं साहित्य' इथपर्यंत यायला कितीसा वेळ? मराठीच्या हाती शब्द लागला तो असा, पूजेची सामग्री, बांधकामाची सामग्री. पालीने मात्र तो वस्तूंकडे न नेता माणसांकडे नेला. माणसं सगळी मिळून आहेत, कुणी फुटून निघालेलं नाही, ही सामग्गी.

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, तर याला नेमकी, कामकाजाची व्याख्या आहे. 'समग्ग संघ' म्हणजे समान संवास (एकत्र कामकाज करण्याचं नातं) असलेला आणि एकाच सीमेत उपस्थित असलेला संघ. सीमा म्हणजे खरोखरची आखलेली हद्द. तिच्या आतला भिक्खू आजारी असेल, येऊ शकत नसेल, तर तो आपला 'छन्द' दुसऱ्याकरवी कळवतो. छन्द म्हणजे इथे संमती. आपल्या छंदाशी गल्लत नको. मग ठराव मांडला जातो, ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावं, नसेल त्याने बोलावं. शेवटी जाहीर होतं, 'खमति संघस्स, तस्मा तुण्ही', संघाला मान्य आहे, म्हणून तो मौन आहे. म्हणजे सामग्गी ही नुसती गोड भावना नव्हती. एक जण जरी हद्दीत असून वगळला गेला, तरी केलेलं काम अपुरं ठरत असे.

पण शब्दाचा खरा रंग पाहायचा तर कोसंबी नगरीतल्या प्रकरणाकडे जावं. तिथल्या भिक्खूंमध्ये भांडण इतकं विकोपाला गेलं की बुद्धांनी समजावूनही कुणी ऐकेना. ते एकटेच निघाले आणि पुढे पाचीनवंसदाय नावाच्या वनात पोचले. तिथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल असे तिघे राहत होते. बुद्धांनी त्यांना विचारलं, तुम्ही समग्ग, आनंदाने, न भांडता, 'खीरोदकीभूता', एकमेकांकडे प्रेमळ नजरेने पाहत राहता ना? खीर म्हणजे दूध, उदक म्हणजे पाणी. आपल्याकडे शहाणपण म्हणजे नीरक्षीरविवेक, दूध आणि पाणी वेगळं काढणं. इथे कौतुक आहे ते दोन्ही वेगळी न ओळखता येण्याचं!

अनुरुद्धाचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात तत्त्वज्ञान थोडं आणि घरकाम जास्त आहे. गावातून भिक्षा घेऊन जो आधी परततो तो आसनं मांडतो, पिण्याचं आणि पाय धुण्याचं पाणी भरून ठेवतो, खरकट्याचं भांडं ठेवतो. जो शेवटी येतो तो आसनं उचलतो, भांडी आवरतो, जेवणाची जागा झाडून काढतो. पाण्याचा घडा रिकामा ज्याला दिसेल, तो भरतो. एकट्याला पेलला नाही तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून उचलतात. त्यासाठी तोंड उघडत नाहीत. आणि दर पाचव्या दिवशी मात्र तिघे रात्रभर धम्मावर बोलत बसतात. शरीरं वेगवेगळी, पण चित्त जणू एकच, असं तो म्हणतो. ज्यांनी मौन पाळून चालणाऱ्या शिबिरात स्वयंपाकघराची किंवा झाडलोटीची सेवा केली असेल, त्यांना या वर्णनात काही परकं वाटणार नाही.

आता दुसरी शंका, संघ म्हणावं का? वर आलेले ते तिघे भिक्खू विनयाच्या हिशेबाने संघ नव्हतेच! संघकर्माला, म्हणजे संघाच्या औपचारिक कामकाजाला, किमान चार भिक्खू लागतात. दोघं-तिघं असले तर त्याला 'गण' म्हणतात. सामग्गीचा इतका देखणा दाखला आणि तो संघ नसलेल्यांचा, हे ध्यानात घेण्याजोगं आहे.

शिवाय त्रिशरणातला, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाताना म्हटलेला, संघ हा आणखी वेगळा. संघवंदनेत 'चत्तारि पुरिसयुगानि, अट्ठ पुरिसपुग्गला' येतं, म्हणजे सोतापत्ती (मुक्तीच्या वाटेवरची पहिली पायरी) ते अरहत्त्व (शेवटची) इथपर्यंतच्या मार्ग-फलांवरच्या आठ प्रकारच्या व्यक्ती. यात गृहस्थही बसू शकतो; पण आठवड्याच्या बैठकीला येतो म्हणून नव्हे. गृहस्थ साधकांच्या गटाला सरसकट संघ म्हणायची पद्धत अलीकडची, मुख्यतः पाश्चात्त्य देशांत रुळलेली. व्हिएतनामी भिक्खू थिक न्हात हान्ह यांनी ती बरीच लोकप्रिय केली. ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. शब्द वापराने रुंदावतात. पण मराठीत अडचण दुहेरी. एकीकडे बौद्ध वाचकाला 'संघ' म्हणताच भिक्खुसंघ आठवतो, दुसरीकडे इतरांना क्रिकेटचा संघ, दूध संघ आणि इतरही संघ. इथे संघरक्षित या इंग्रज बौद्ध आचार्यांच्या भारतातल्या संघटनेचं जुनं नाव पाहा : त्रैलोक्य बौद्ध महासंघ, सहायक गण. दीक्षा घेतलेल्या धम्मचारींचा तो महासंघ (त्यात संसारी माणसंही आली), आणि भोवतालचे साहाय्यक तो गण. किती जपून केलेली निवड!

तेव्हा माझं मत : गटाचं नाव 'साधक गण' किंवा सरळ 'ध्यानगट' ठेवा. गाथेची ओळ खुशाल छापा, ती तुमची स्तुती नसून गाथा आहे. आणि वाद झालाच तर त्याला 'संघभेद' (संघात फूट पाडणं) म्हणू नका. त्यासाठी किमान नऊ भिक्खू लागतात, उपासकांना तो करताच येत नाही.

ओळीखाली मराठी अर्थ द्यायचा असेल तर 'ऐक्य' पुस्तकी वाटतं. 'एकजूट' कुणाच्या तरी विरुद्ध असते, 'सलोखा' भांडणानंतरचा. 'एकोपा' चपखल बसतो : 'संघाचा एकोपा सुखाचा, एकोप्याने केलेलं तप सुखाचं.' दुसरा अर्धा भाग सहसा गाळतात, तो गाळू नका. एकत्र साधनेला बसणाऱ्यांसाठी ओळीतला कामाचा भाग तोच आहे.