गोळी सुटली की कॅमेरा कुणाकडे बघतो

तुझी मेल काल रात्री वाचली आणि झोपेचं खोबरं झालं. कुब्रिकचा पहिल्या महायुद्धावरचा सिनेमा 'पाथ्स ऑफ ग्लोरी' तू दीडपट वेगानं पाहिलास. फ्रेंच सैन्यानं आपल्याच तिघा शिपायांना गोळ्या घातल्या, गोष्ट संपली, मग खानावळीतलं ते गाणं कशाला, असं विचारतेस. तुमच्या एडिट रूममधले म्हणाले, आम्ही ते उडवलं असतं. आणि तरी तुला तिथंच रडू आलं. चुकतंय कोण, तू की ते?

ते. पण दीडपट वेग? अगं, अख्खा सिनेमा दीड तासाचाही नाही. तेवढा वेळ तुम्ही पोरं चहाच्या टपरीवर सहज काढता.

आता एकच गोष्ट सांगतो, पुन्हा पुन्हा सांगणार आहे. गोळी सुटली की कॅमेरा कुणाकडे बघतो, ते बघ. गोळीबार होतो आणि लगेच पुढच्या दृश्यात दोन जनरल नाश्ता करतायत, शिपाई किती छान मेले याची तारीफ चाललीय. एका साध्या कटमध्ये कुब्रिक सगळं बोलून गेला. आणि मग ते गाणं. पकडून आणलेली जर्मन मुलगी, शिट्ट्या मारणारे फ्रेंच शिपाई. ती थरथरत गाऊ लागते आणि एकेक चेहरा उतरत जातो. हळूहळू तेही गुणगुणायला लागतात. बाहेर कर्नलला निरोप आलेला असतो की पलटण परत आघाडीवर जाणार. तो म्हणतो, पोरांना अजून थोडा वेळ द्या. हे उडवणार तुम्ही? सिनेमा १९५७ चा आणि फ्रान्समध्ये तो थेट १९७५ साली लागला. नुसत्या धडाक्याला कुणी एवढं घाबरत नाही.

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचं वाक्यही तू मला ऐकवलंस, की प्रत्येक युद्धपट शेवटी युद्धाच्याच बाजूचा होतो. अर्धं खरं आहे. तोफेकडे बघत बसलं तर होतोच. म्हणून तर म्हणतोय, कॅमेरा कुणाकडे बघतो ते बघ! फ्रेंच दिग्दर्शक रन्वारचा १९३७ चा 'ला ग्रांद इल्युजन' घे. महायुद्धाचा सिनेमा, आणि पडद्यावर लढाई एकही नाही. रन्वार स्वतः पहिल्या महायुद्धात टेहळणी विमानं उडवायचा, त्याला काय लढाई दाखवता आली नसती? त्यानं दाखवलं ते हे: ज्याच्याशी मैत्र जुळलं त्याच फ्रेंच कैद्याला जर्मन किल्लेदार गोळी घालतो, तो गेल्यावर खिडकीपाशी जातो आणि अख्ख्या किल्ल्यातलं एकुलतं एक फूल कापतो. संगीताचा मारा नाही, काही नाही. 'द क्रेन्स आर फ्लाइंग' या रशियन सिनेमात बोरिस या सैनिकाला गोळी लागते आणि कॅमेरा वर, गरगर फिरणाऱ्या बर्चच्या शेंड्यांकडे जातो. शत्रू दिसतच नाही. आपल्याकडे १९६४ च्या 'हकीकत'मध्ये चेतन आनंदनं रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर अशा चार आवाजांचं गाणं हरत चाललेल्या जवानांच्या चेहऱ्यांवर ठेवलं. मदनमोहनची चाल. ६२ चा पराभव दोनच वर्षांपूर्वीचा, आणि तरी तिथं थांबायची त्याची हिंमत झाली.

माझी झाली नाही.

१९९९ च्या पावसाळ्यात, कारगिलनंतर, एका वाहिनीसाठी मी अर्ध्या तासाचा कार्यक्रम संकलित करत होतो. साताऱ्याकडचं गाव, मुलगा गेलेला. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. कॅमेरामननं प्रश्न विचारला, ती काही बोलली नाही. खडा काढला, बाजूला ठेवला. पुन्हा एक काढला. पन्नासेक सेकंद. मी त्यातली चार ठेवली आणि तिरंग्यावर, बिगुलावर कट मारला. वरून सांगितलं होतं, 'जोश पाहिजे'. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रक्षेपण होतं, घराचे हप्ते चालू होते, आणि खरं सांगायचं तर तो कट दिसायलाही झकास होता. शाबासकी मिळाली. आठवड्यानं तिच्या दिरानं ऑफिसात फोन केला. तक्रार नव्हती. एवढंच विचारलं, "यात आमची वहिनी कुठं गेली?"

मी काहीतरी वेळेच्या मर्यादेचं बोललो. तसं ते खोटं नव्हतं. अर्ध्या तासाच्या जागेत पन्नास सेकंद म्हणजे खूप होतात, हे तुलाही माहीत आहे. पण बिगुलाला मी बावीस दिली होती.

म्हणून तुमच्या त्या 'पेसिंग'च्या गप्पा मला सांगू नकोस. वेगानं कापता मलाही येतं, तुझ्याहून बरं येतं. थांबायला शिकायचं असेल तर हे जुने सिनेमे लाव, साध्या वेगानं. कागद घेऊन बस. प्रत्येक गोळीनंतर पुढचा शॉट कुणाचा आणि किती सेकंदांचा, एवढंच लिही. बाकी काही नको, समीक्षा तर मुळीच नको. रविवारी घेऊन ये, काकू थालीपीठ करणार आहे.

आणि हो, त्या गावाच्या रशेसची, म्हणजे न कापलेल्या चित्रणाची, बीटाकॅम कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे. लावायला मशीन कुठे मिळत नाही. तुमच्या स्टुडिओच्या अडगळीत एखादं पडलं असेल तर विचारून ठेव.